पाळककाकांना विचारा : मोह आला की कुठं पळायचं?

लेंट (ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ) सुरू झाला की या कॉलमला येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी लग्नं, जमिनीच्या वाटण्या, मंडळीतली (म्हणजे चर्चमधली) भांडणं, कमिटीची इलेक्शन, आणि आता बघावं तर मोह, परीक्षा, पडलो, उठता येत नाही. यावेळी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज इतके आलेत की सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून पाच निवडलेत. नावं गाळली आहेत आणि गावंही काही ठिकाणी बदलली आहेत, तेव्हा हा अमक्याचा मुलगा असणार वगैरे अंदाज बांधत बसू नका.

प्रश्न : काका जय ख्रिस्त. मी आमच्या तरुण संघाचा खजिनदार आहे. मे महिन्यातल्या कॅम्पचे पैसे मुलं यूपीआयने माझ्याच अकाऊंटला पाठवतात, संघाचं वेगळं खातं नाहीये. ऑफिसमधल्या मित्रांचं बघून मी शेअर बाजारात निफ्टीच्या ऑप्शनमधे (भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावायचे सौदे) ट्रेडिंग चालू केलं होतं, डिसेंबरमधे माझे पैसे अडकले म्हणून कॅम्पच्या पैशातले तीस हजार टाकले, दुपारपर्यंत प्रॉफिट झाला, सगळे परत ठेवले, वर दोन हजार संघाला दान पण दिले. नंतर परत केलं, परत केलं. आता २२ हजार कमी आहेत. कोणालाच माहीत नाही. पुढच्या एक्सपायरीला (सौद्याची मुदत संपते त्या दिवशी) निघतील असं वाटतंय. रोज प्रार्थना करतोय. ही देवाकडून परीक्षा आहे का सैतानाकडून मोह, तेवढं सांगा. (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : अरे बाळा, प्रश्न चांगला आहे पण आत्ताचा नाही. आत्ताचा प्रश्न २२ हजाराचा आहे, त्याकडे येतोच.

तू विचारलंस म्हणून आधी ते. मत्तय चौथा अध्याय काढ, पहिलंच वचन बघ. येशूला रानात कोण घेऊन गेलं? आत्मा. आणि मोहात कोण पाडत होता? सैतान. रान तेच, दिवस तेच चाळीस, भूक तीच. म्हणजे एकाच प्रसंगात दोन्ही चालू असू शकतं, सैतानाला तू पडायला हवा असतोस आणि देवाला तू उभा राहायला हवा असतोस. पण याकोब पहिल्या अध्यायात अगदी स्पष्ट सांगतो की मोहात पडल्यावर हे देवाकडून आलं असं कुणी म्हणू नये, माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो, मग वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते आणि पाप वाढलं की मरण. म्हणजे बिल देवाच्या नावावर फाडायचं नाही.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त धोक्याचं काय वाटलं माहितीये? २२ हजार नाही. ते दोन हजाराचं दान. प्रॉफिट झालेल्या दिवशी तू पडलास, तोटा झाला त्या दिवशी नाही, आणि पडल्या पडल्या तू देवाला कमिशन देऊन टाकलंस. तोटा झाला असता तर त्याच दिवशी घाबरून थांबला असतास कदाचित. प्रॉफिट झाला, कोणाला कळलं नाही, वर पुण्य पण पदरात, मग मनाला पटलं की यात काही वाईट नाही. योहान बाराव्या अध्यायात लिहिलंय की शिष्यांची पैशाची थैली यहूदाकडे असायची आणि त्यातलं तो काढून घ्यायचा. तीस रुप्यांसाठी त्यानं येशूला पकडून दिलं ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण ती नंतरची. सुरुवात थैलीपासून झाली आणि ते किती दिवस चाललं होतं देव जाणे. मी तुला यहूदा म्हणत नाहीये, रागावू नको. खजिनदारांनी हे वचन अधूनमधून वाचावं एवढंच म्हणतोय.

आता ‘पुढच्या एक्सपायरीला निघतील’. हा रानातला दुसरा मोह आहे बरं का, मंदिराच्या शिखरावरचा. उडी टाक, देव झेलेल, आणि वर सैतान स्तोत्र ९१ मधलं वचनसुद्धा देतो, देवदूत तुला हातांवर झेलतील म्हणून. येशू काय म्हणाला? देवाची परीक्षा पाहू नको. म्हणजे तू विचारतोस माझी परीक्षा कोण घेतंय, आणि खरं तर तूच दुसऱ्यांच्या पैशावर देवाची परीक्षा घेतोयस, प्रार्थना करून ऑर्डर टाकतोयस. आकडेच पाहिजेत तर सेबीनं (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०२४ मधे अभ्यास प्रसिद्ध केला होता तो बघ. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधे उतरलेले एक कोटीहून जास्त सामान्य लोक, त्यातले ९३ टक्के तोट्यात, आणि सरासरी तोटा माणशी दोन लाखाच्या आसपास. त्या सगळ्यांना पुढच्या एक्सपायरीला निघतील असंच वाटत होतं ना. कुणी तोटा व्हावा म्हणून पैसे टाकत नाही.

मग करायचं काय. १ करिंथ १०:१३ (प्रेषित पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र) तुला पाठ असणार, कॅम्पमधे मेमरी व्हर्स असतंच, की देव मोहाबरोबर निभावण्याचा उपायही करतो. तुझ्या बाबतीत तो उपाय म्हणजे तुमचे पाळक आणि संघाचा सेक्रेटरी. हे वाचून झालं की आजच दोघांना फोन कर, उद्या भेटायला जा, स्टेटमेंट मोबाईलवर नको, प्रिंट काढून ने. उरलेले पैसे त्यांच्यासमोर ट्रान्सफर कर. मंडळीच्या नावानं दोन सह्यांचं खातं उघडायला सांग, हे खरं तर मंडळीनं आधीच करायला हवं होतं, तेवीस-चोवीस वर्षाच्या पोराच्या पर्सनल अकाऊंटला लाखभर रुपये जमा करायचे आणि मग त्याला मोह झाला म्हणून बोंबलायचं, यात मोठ्यांची पण चूक आहे आणि हे मी तुमच्या कमिटीला उद्देशून लिहितोय. ॲप डिलीट नुसतं करू नको, ट्रेडिंग अकाऊंट बंदच कर, कारण डिलीट केलेलं ॲप परत टाकायला काय लागतंय. २२ हजार पगारातून हप्त्यानं फेड.

खजिनदारपद जाईल. जाऊ दे. लोक चार महिने बोलतील. पण एक बघ, येशूला पकडलं त्या एकाच रात्री पेत्र पण पडला, मी त्याला ओळखत नाही म्हणाला, आणि यहूदा पण पडला. यहूदानं पैसे परतसुद्धा केले, तुझ्यासारखेच, पण तो एकटाच गेला आणि एकटाच संपला. पेत्र रडला आणि पुन्हा त्या दहा जणांच्यात येऊन बसला. आणि येशूनं पेत्राला हे आधीच सांगून ठेवलं होतं, लूक २२ मधे, की सैतानानं तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. तू पडणारच नाहीस असं नाही म्हणाला तो. तुझा विश्वास ढळू नये आणि वळलास की भावांना स्थिर कर, असं म्हणाला. तुझ्या नंतरच्या खजिनदाराला तुझ्याइतकं चांगलं कोण सांगणार?

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, मी मूळची श्रीरामपूरकडची, मस्कतला हॉस्पिटलमधे स्टाफ नर्स आहे. मिस्टर आणि मुलगी तिकडे सासूबाईंजवळ. इथे एक सहकारी आहेत, ते पण विवाहित आहेत, नाईट ड्युटीनंतर रूमवर सोडतात, कधी कधी रात्री उशिरापर्यंत चॅटिंग होतं. काहीही घडलेलं नाही. पण मन त्यांच्याकडेच जातं, ड्युटी लिस्ट आली की आधी त्यांची शिफ्ट बघते. रोज गुडघे टेकून सांगते की हे माझ्यातून काढून टाक पण जात नाही. मत्तय ५:२८ (वासनेनं नुसतं बघितलं तरी मनात व्यभिचार झालाच) वाचल्यापासून वाटतं की पाप तर झालंच, मग आता काय उरलं. मिस्टरांना सांगावं का?

उत्तर : ताई, ‘पाप झालंच, मग आता काय उरलं’ हे वाक्य आधी खोडून टाका. हाच तर सापळा आहे. मोह येण्याआधी सैतान म्हणतो एवढ्यानं काही होत नाही, आणि आल्यावर म्हणतो आता सगळंच गेलं, दोन्ही वेळेला खोटं. मनात ओढ उठणं म्हणजे पाप नव्हे. इब्री ४:१५ मधे लिहिलंय की आपला प्रमुख याजक, म्हणजे येशू, सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, पण निष्पाप राहिला. मोह होणं हेच पाप असतं तर हे वचन लिहिताच आलं नसतं. मत्तय ५:२८ मधे प्रभू बोलतो ते त्या ओढीला धरून बसण्याबद्दल, मनात तिला घर करून देण्याबद्दल. आणि तिथं ताई तुम्ही मला खरं सांगा, ड्युटी लिस्ट, ती गाडी, रात्रीचं चॅटिंग, हे घर कोण बांधतंय?

प्रार्थना तुम्ही करताय पण गाडीत पण बसताय. माझं हे थोडं टोचेल.

बायबलमधे एक गंमत आहे, लोकांच्या लक्षात येत नाही. याकोब म्हणतो सैतानाला अडवा म्हणजे तो तुमच्यापासून पळून जाईल. पेत्रही तेच, विश्वासात दृढ राहून त्याच्याविरुद्ध उभे राहा. पण जारकर्माच्या बाबतीत पौल उभे राहा म्हणत नाही, तिथं तो म्हणतो तुम्हीच पळा. १ करिंथ ६:१८. तरुणपणाच्या वासनांबद्दल तीमथ्यालाही तेच. पोटीफरच्या घरात मालकाच्या बायकोनं धरलं तेव्हा योसेफ चर्चा करत बसला नाही, झगा तिच्या हातात राहिला तर राहिला, तो बाहेर. आणि त्याबद्दल त्याला शाबासकी नाही मिळाली, जेल मिळाली, हेही लक्षात ठेवा. योग्य केलं की लगेच बरं वाटेल असं नाही.

तुम्हाला एक जुनी हकीकत सांगतो. चौथ्या शतकात एवाग्रियस म्हणून एक मोठा विद्वान होऊन गेला, कॉन्स्टँटिनोपलमधे डीकन (चर्चचा सेवक-अधिकारी) होता, वादविवादात त्याला कोणी हरवू शकत नव्हतं. त्याचं एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बायकोवर मन बसलं आणि तिचंही त्याच्यावर. हे त्याच्या शिष्यानं, पल्लाडियसनं लिहून ठेवलंय. सुटका व्हावी म्हणून तो प्रार्थना करत होता, मग स्वप्न पडलं की आपल्याला बेड्या घातल्यात, आणि शहर सोडून जाईन अशी त्यानं स्वप्नातच शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घेतली. जागा झाल्यावर म्हणाला स्वप्नातली का असेना, शपथ ती शपथ, आणि सामान जहाजात टाकून सरळ यरुशलेमला. पुढं ऐका. तिथं गेल्यावर तो पुन्हा ढेपाळला, छानछोकी सुरू झाली, आणि तापानं सहा महिने अंथरुणावर पडला. वैद्यांना काही कळेना. शेवटी मेलानिया नावाच्या एक बाई होत्या, तिथल्या मठाच्या, त्या म्हणाल्या हा साधा आजार नाही, मनात काय आहे ते सांग. त्यानं सगळं सांगितलं आणि थोड्याच दिवसात उठून बसला. मग इजिप्तच्या वाळवंटात जाऊन मोहाबद्दल त्यानं जे लिहून ठेवलं ते मठांमधे आजही वाचतात. पण मला त्याच्या पुस्तकांपेक्षा ही हकीकत मोठी वाटते, कारण नुसतं शहर सोडून त्याचं भागलं नाही, कोणाला तरी सांगावं लागलं.

तर तुमची मेलानिया शोधा. शुक्रवारच्या फेलोशिपमधे एखादी मोठी, पोटात गोष्ट राहणारी बाई असेलच, तोंडाची पक्की असणारी, एखादी रिटायरमेंटला आलेली सिस्टर. तिला सगळं सांगा आणि दर आठवड्याला तिनं तुम्हाला विचारायचं असं ठरवा. गाडी बंद, टॅक्सीचे पैसे गेले तर जाऊ देत. कामाचं बोलणं वॉर्डमधे, चॅट नाही, आणि त्यांना कारण समजावत बसायची गरज नाही कारण ते समजावणंच दोन तास चालतं. शिफ्ट बदलून मिळत असेल तर मागा.

मिस्टरांना सांगायचं का यावर मंडळीत दोन मतं असतात. माझं मत, सांगावं, पण रात्री दोन वाजता रडत व्हॉइस नोट पाठवून नाही. आधी तिथलं बंद करा, मग सुट्टीत समोरासमोर बसून सांगा, तेही ‘मला फार एकटं पडल्यासारखं होतंय’ इथपासून सुरुवात करून. कारण ते खरं आहे आणि त्यातला थोडा वाटा त्यांचाही आहे. नवरा-बायकोनं वर्षानुवर्षं फक्त पैसे ट्रान्सफर झाले का आणि मुलीची फी भरली का एवढंच बोलायचं म्हटलं तर मन कुठंतरी जाणारच हो.

प्रश्न : माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरी प्रार्थनेला येणारे कोणी म्हणतं देव आवडत्यांचीच परीक्षा घेतो, कोणी म्हणतं झेपेल तेवढंच देतो, एकजण तर म्हणाले घरात विश्वास कमी आहे. मला झेपत नाहीये. मी नापास झाले का? (संगमनेर)

उत्तर : नाही हो ताई.

‘देव झेपेल तेवढंच देतो’ असं बायबलमधे कुठंही लिहिलेलं नाही. लोक वरचंच १ करिंथ १०:१३ अर्धवट उचलतात. तिथं पौल मूर्तिपूजा, जारकर्म, कुरकुर अशा मोहांबद्दल बोलतोय, आजारपणाबद्दल नाही. दुःखाबद्दल तोच पौल करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पहिल्याच अध्यायात काय लिहितो बघा, आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, इतका की जगण्याचीसुद्धा आशा सोडली. शक्तीपलीकडे! प्रेषिताला झेपलं नाही आणि त्यानं ते मंडळीला लिहून कळवलं, आणि लगेच पुढं म्हणाला तुम्हीही प्रार्थनेनं आम्हाला मदत करा.

आणि आजारपण आलं की ती देवाची परीक्षाच, हे ठरवायचा अधिकार त्या प्रार्थनेला येणाऱ्यांना कोणी दिला मला कळत नाही. ईयोबाचं पुस्तक बघा, नीतिमान माणूस, मुलंबाळं आणि तब्येत सगळंच गेलं. त्याच्या मित्रांनी पहिले सात दिवस तोंड बंद ठेवलं तेवढंच काय ते बरं केलं, तोंड उघडल्यावर जे बोलले त्यावर शेवटी देवच त्यांच्यावर संतापला, ४२ वा अध्याय. रडणारा, देवाला जाब विचारणारा ईयोब मात्र बरोबर बोलला असं देव म्हणतो. पंडिता रमाबाईंचं बघा, दुष्काळात आई, वडील, बहीण गेले, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा, आणि १९२१ मधे एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या भरवशावर केडगावचं मुक्ती मिशन सोपवायचं होतं. बाई स्वतः पुढच्या एप्रिलमधे गेल्या. मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी आयुष्याच्या शेवटापर्यंत सोडलं नाही. कोणी त्यांना म्हणालं असेल का की ही परीक्षा आहे, पास व्हा? म्हणालं असेल तर ऐकायला मला आवडलं नसतं.

तुमच्या बाबतीत मोह असलाच तर तो एकच दिसतो, की सगळं एकटीनं ओढायचं आणि चेहरा हसरा ठेवायचा. तो सोडा. पुढच्या वेळी कोणी वचन घेऊन आलं की म्हणा, काका गुरुवारी डायलिसिसला यांच्याजवळ चार तास बसाल का, मला जरा झोपायचंय. निम्मे लोक यायचे बंद होतील, उरलेले कामाचे. आणि पैशाची ओढाताण असेल तर नगरच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटना डायलिसिस मोफत आहे. तुमच्या पाळकांना मी वेगळं लिहितोय.

प्रश्न : मी शब्बाथशाळा (चर्चमधला मुलांचा बायबलचा वर्ग) घेते. एका मुलानं विचारलं की देव मोहात पाडत नाही तर मग आपण प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ असं रोज का म्हणतो? मला उत्तर देता आलं नाही. (कोल्हापूर)

उत्तर : पोरगं हुशार आहे, त्याला खाऊ द्या. गेथशेमानेत, पकडला जायच्या आधी, येशूनं शिष्यांना सांगितलं, परीक्षेत पडू नये म्हणून प्रार्थना करा. ते झोपले. पेत्र त्याआधी छाती ठोकून म्हणाला होता मी तुरुंगात यायला तयार आहे, मरायला तयार आहे, आणि कोंबडा आरवायच्या आत काय झालं ते मुलांना माहीत आहे. तर ही प्रार्थना म्हणजे आपण पेत्रासारखे छाती ठोकत नाही हे देवाला सांगणं. माझ्यात दम नाही, तिकडं नेऊच नको, आणि गेलोच तर सोडव. मुलांना एवढं पुरे. मोठ्या वर्गाला विचारा की ही प्रार्थना ‘मला’ अशी का नाही, बघा काय म्हणतात.

प्रश्न : पाळकसाहेब, मला वीस वर्षं दारू आहे, आता रोजची क्वार्टर आणि वर कधी जास्त. गुड फ्रायडेपर्यंत चाळीस दिवस फक्त पाण्यावर उपवास करून सोडायची असं ठरवलंय. उपवासानं मोह जातो ना? (जालना)

उत्तर : दादा, ठरवलंत त्याबद्दल देवाचे आभार, पण असं करू नका. येशूला मोह उपवासाच्या शेवटी आला, भूक लागल्यावर. उपवासानं मोह जातो असं गृहीत धरून बसाल आणि दहाव्या दिवशी मोह दुप्पट होऊन येईल, मग म्हणाल देवानं ऐकलं नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर हातपाय कापणं, भास होणं, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं आणि त्यात जीव पण जाऊ शकतो, त्यात पोटात अन्न नसेल तर आणखी वाईट. हे विश्वासाचं कमी-जास्त नाही, शरीराचं आहे. म्हणून आधी डॉक्टर, सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग असतो तिथं जा, काही दिवस औषधं देऊन सोडवतात. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून हेच काम करतंय, तिथं दाखल होता येतं. नंतर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी मीटिंगा असतात, फी नसते, तिथं पडलेलीच माणसं एकमेकांना धरून उभी असतात, आमच्या काही मंडळ्यांनी तिथं जाऊन बसून शिकावं असं मला कधी कधी वाटतं.

उपवास करायचाच असेल तर डॉक्टरनं हो म्हटल्यावर शुक्रवारचं एक वेळचं जेवण सोडा, आणि तो वेळ तुमचा पिण्याचा जो ठरलेला टाईम आहे तोच निवडा, म्हणजे संध्याकाळी सातच्या सुमारास. त्या वेळी घरात एकटे राहू नका, मंडळीतल्या कोणाकडे तरी जाऊन बसा, आणि जाताना दुकानाच्या रस्त्यानं जाऊ नका, लांबून गेलं तरी चालेल.